ओल्यारोला : इटलीच्या टाचेवरील ऑलिव्ह आणि त्याचे तेल

इटली देशाचा आकार नकाशावर बुटासारखा दिसतो. या बुटाच्या टाचेचा जो भाग समुद्रात शिरला आहे, त्यास सालेंतो असे म्हणतात. दोन्ही अंगांस समुद्र, मध्ये सपाट प्रदेश, वर तांबड्या मातीचा थर आणि खाली चुनखडीचा खडक, अशी तेथील जमिनीची ठेवण आहे. नाव घ्यावे अशी मोठी नदी या भागात नाही. पाऊस मुख्यत्वे हिवाळ्यात पडतो व उन्हाळा कोरडा जातो, म्हणजे आपल्याकडील ऋतुमानाच्या उलट स्थिती. अशा जमिनीत व अशा हवेत जे झाड शेकडो वर्षे टिकून राहिले, आणि ज्याच्यावर तेथील खेड्यांचा संसार चालला, ते ऑलिव्हचे झाड होय. यासच आपल्याकडे जैतून असेही म्हणतात.

सालेंतोमध्ये लेच्चे, ब्रिंदिसी व तारांतो या जिल्ह्यांचा मुलूख येतो. यांपैकी ब्रिंदिसी हे बंदर जुन्या मुंबईकरांस नावाने तरी ठाऊक असावयाचे. १८७० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत विलायतेची डाक आगगाडीने तेथवर येई आणि तेथून आगबोटीने मुंबईच्या वाटेला लागे. आगगाडीच्या दोन्ही बाजूंस त्या काळीही ऑलिव्हच्याच बागा होत्या.

या बागांतून मुख्यत्वे दोन जाती आढळतात. एक ओल्यारोला सालेंतीना व दुसरी चेल्लीना दि नार्दो. जुन्या इटालियन भाषेत तेलास ‘ओल्यो’ म्हणत. त्यावरून ओल्यारोला, म्हणजे तेलाची जात, हे नाव पडले. ओल्यारोलाचे झाड जोमदार वाढते. त्याचा विस्तार मोठा असून, जुन्या झाडांची खोडे पिळलेली, आतून पोकळ झालेली व कित्येक माणसांच्या कवेत न मावणारी अशी असतात. काही झाडांचे वय अनेक शतकांचे आहे. फळ लहान ते मध्यम, लांबट, पिकल्यावर जांभळट काळे होणारे. झाड उंच असल्यामुळे फळे हाताने तोडणे अवघड पडते, आणि या एका गोष्टीचा परिणाम तेथील तेलाच्या गुणावर फार काळपर्यंत झाला.

दिव्यात जळणारे तेल

उंच झाडावर चढून फळे तोडण्यास मजुरी फार लागते. म्हणून सालेंतोच्या शेतकऱ्यांनी सोपा मार्ग धरला होता. फळे पूर्ण पिकून आपोआप गळेपर्यंत ते थांबत आणि मग ती जमिनीवरून झाडून गोळा करीत. गळलेले फळ खरचटते, मातीत पडून राहते व आंबू लागते. अशा फळातील तेलाचे विघटन होऊन त्यात मोकळी आम्ले वाढतात. परिणामी तेल खाण्यास बेचव व उग्र होते. मात्र दिव्यात ते उत्तम जळते. ओल्यारोला व चेल्लीना यांचे तेल दोनशे वर्षांपूर्वी जगात प्रसिद्ध होते ते स्वयंपाकघरासाठी नव्हे, तर दिवाबत्तीसाठी. इटलीत आणि युरोपीय बाजारात हलक्या प्रतीच्या ऑलिव्ह तेलास आजही ‘लांपांते’, म्हणजे दिव्याचे तेल, असेच म्हणतात. ज्या तेलात मोकळी आम्ले शेकडा ०.८ पेक्षा अधिक नाहीत ते पहिल्या प्रतीचे, २ पर्यंत असल्यास दुसऱ्या प्रतीचे व त्याहून अधिक असल्यास लांपांते, असा नियम आहे. लांपांते तेल शुद्धीकरण केल्यावाचून खाण्यासाठी विकता येत नाही.

या व्यापाराचे ठाणे गाल्लीपोली हे सालेंतोच्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदर होते. (पहिल्या महायुद्धात गाजलेले तुर्कस्तानातील गॅलिपोली ते हे नव्हे.) गावाखालच्या खडकात खोदलेल्या टाक्यांतून तेल साठवून ठेवीत. तेथे ते निवळे आणि मग पिंपांत भरून जहाजांवर चढे. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत उत्तर युरोपातील मोठ्या शहरांचे दिवे या तेलावर जळले. लोकरीच्या गिरण्यांत व साबणाच्या कारखान्यांतही त्यास मागणी असे.

तेल काढण्याचे घाणे जमिनीखाली होते. मऊ खडक कोरून केलेल्या या भुयारांत एक मोठे दगडी जाते असे व ते डोळे बांधलेले खेचर फिरवी. आपल्याकडील तेल्याच्या घाण्याचा बैल ज्याने पाहिला आहे त्यास हे चित्र नवीन वाटणार नाही. दळलेला लगदा गवती चट्यांत भरून, चट्या एकावर एक रचून दाबयंत्राखाली पिळीत. भुयार करण्याचे कारण केवळ काटकसर हे नव्हते. ऑलिव्हचे तेल थंडीत थिजते, आणि गळिताचा हंगाम तर हिवाळ्यातला. जमिनीखाली उष्णता टिकून राहते, शिवाय दिव्यांची, माणसांची व जनावरांची ऊब असते. त्यामुळे तेल वाहते राहते. शरद ऋतूत खाली उतरलेले मजूर वसंतापर्यंत महिनोन्‌महिने तेथेच राहत, तेथेच जेवत व निजत. त्यांच्या मुकादमास ‘नाकीरो’ म्हणत. हा शब्द नावेच्या तांडेलास उद्देशून असलेल्या जुन्या शब्दावरून आला आहे. धुराने व दमटपणाने भरलेल्या त्या जागेतील काम किती कष्टाचे असेल, याची कल्पना आज जपून ठेवलेले असे घाणे पाहिल्यावर येते.

तेल वाईट निघते ते जातीमुळे की पद्धतीमुळे, हा प्रश्न त्या काळीही एका गृहस्थास पडला होता. जोव्हान्नी प्रेस्ता (१७२०–१७९७) हे गाल्लीपोलीचे वैद्य. वैद्यकी सांभाळून त्यांनी ऑलिव्हचा अभ्यास केला. फळे कोणत्या अवस्थेत तोडली, कोणत्या जातीची घेतली व कशी दळली, म्हणजे तेलात काय फरक पडतो, हे त्यांनी प्रत्यक्ष तेल काढून पाहिले आणि १७८८ साली तेलाचे ६२ निरनिराळे नमुने नेपल्सच्या राजापुढे ठेवले. पुढे १७९४ साली ऑलिव्हची झाडे, फळे आणि तेल काढण्याची रीत यांवर त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. फळ झाडावरून तोडावे, साठवून कुजवू नये, लवकर दळावे व भांडी स्वच्छ ठेवावीत, हा त्यांच्या सांगण्याचा इत्यर्थ. सल्ला योग्य होता, परंतु दिव्याच्या तेलास बाजारात भाव मिळत असताना तो कोण ऐकणार? शेतकऱ्यास हट्टी म्हणणे सोपे असते. ज्या मालास गिऱ्हाईक नाही तो जास्त मजुरी देऊन त्याने का पिकवावा, याचा विचार सल्ला देणाराने आधी करावयास हवा.

हा भाव पुढे खनिज तेलाने पाडला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेलचे दिवे आले, नंतर वीज आली, आणि दिव्याच्या ऑलिव्ह तेलाचा बाजार बसला. तेव्हापासून सालेंतोला खाण्याच्या तेलाकडे वळावे लागले. जमिनीवर जाळ्या अंथरणे, फांद्या हलवून फळे वेळीच पाडणे, छाटणी करून झाडाची उंची आवाक्यात ठेवणे, फळे एक-दोन दिवसांत घाण्यावर पोचविणे, लगदा २७ अंशांपेक्षा अधिक तापू न देणे, या गोष्टी हळूहळू रूढ झाल्या. त्याच ओल्यारोलाचे तेल मग सोनेरी हिरवट, फळाच्या वासाचे, मध्यम कडसर व घशाशी किंचित तिखट लागणारे असे निघू लागले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ‘तेर्रा दोत्रांतो’ या प्रदेशनामाने त्यास युरोपीय संघाचे संरक्षणही मिळाले. प्रेस्ता यांचे म्हणणे खरे ठरण्यास दोनशे वर्षे लागली.

पाने करपू लागली

चांगल्या तेलाची घडी बसते न बसते तोच झाडांवर संकट आले. गाल्लीपोलीच्या आसपासच्या शेतकऱ्यांच्या असे ध्यानात आले की, काही झाडांच्या शेंड्याकडील पाने टोकापासून करपत आहेत. करपा टोकाकडून देठाकडे सरके, पान वाळूनही डहाळीस चिकटून राही. मग एकेक डहाळी, नंतर एकेक फांदी व अखेर सारा घेर वाळे. बुंध्यातून नवे फुटवे येत, तेही पुढे वाळत. पोखरणाऱ्या अळीची व बुरशीची लक्षणेही अशा झाडांवर सापडत असल्याने आरंभी त्यांच्याकडेच बोट दाखविले गेले. कोणी दुष्काळास दोष दिला, कोणी तणनाशकांस.

ऑक्टोबर १९१३ मध्ये नव्हे, तर शंभर वर्षांनंतर, ऑक्टोबर २०१३ मध्ये या रोगाचे नाव कळले. कारण हा रोग युरोपच्या शेतांत त्यापूर्वी कधी आढळलाच नव्हता. बारी येथील वनस्पतिरोग-शास्त्रज्ञांना या झाडांत ‘झायलेला फास्टिडिओसा’ हा सूक्ष्म जंतू सापडला. अमेरिकेत द्राक्षवेलींचा व ब्राझीलमध्ये संत्र्यामोसंब्यांचा काळ म्हणून तो आधीपासून ज्ञात होता. सालेंतोत आढळलेला त्याचा प्रकार मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका देशातील प्रकाराशी जुळतो. शोभेसाठी आणलेल्या कॉफीच्या रोपांबरोबर तो आला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. कुंडीतील एका शोभेच्या रोपाने एवढा अनर्थ घडविला असेल, तर आयात रोपांच्या तपासणीवर होणारा खर्च कोणासही जड वाटू नये.

हा जंतू झाडाच्या पाणी वर नेणाऱ्या नलिकांत राहतो. तेथे त्याची संख्या वाढते, चिकट थर साचतो व नलिका तुंबतात. मुळाशी ओल असूनही शेंड्यास पाणी पोचत नाही, म्हणून झाड तहानेने मेल्यासारखे वाळते. पाणी देऊन, खत घालून वा फांद्या छाटून रोग हटत नाही. तांबे व जस्त यांच्या फवारणीने काही ठिकाणी लक्षणे सौम्य झाल्याचे आढळले असले, तरी जंतूचा समूळ नाश करणारे औषध नाही.

जंतू स्वतः एका झाडावरून दुसऱ्यावर जाऊ शकत नाही. त्यास वाहून नेणारा कीटक म्हणजे फेसकिडा. वसंत ऋतूत तणांच्या देठांवर थुंकीसारखा पांढरा फेस दिसतो; त्या फेसात या कीटकाची बाल्यावस्थेतील पिले लपलेली असतात. याची वर्षात एकच पिढी होते. मादी शरदात वाळक्या काडीकचऱ्यात अंडी घालते, हिवाळा अंड्यांत जातो, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पिले बाहेर पडतात आणि तणांचा रस पीत मे महिन्यापर्यंत त्यांना पंख फुटतात. उन्हाने तण वाळले की प्रौढ कीटक ऑलिव्हच्या झाडांवर चढतात. अंड्यांतून जंतू पुढील पिढीत जात नाही, आणि कात टाकताना पिलाच्या अंगचा जंतूही नाहीसा होतो. म्हणून नुकता पंख फुटलेला कीटक निर्दोष असतो. रोगट ऑलिव्हचा रस शोषल्यावर मात्र तो मरेपर्यंत रोग पसरवीत राहतो. मोटारी व मालगाड्या यांवर बसूनही तो दूरवर जातो.

या जीवनक्रमात शेतकऱ्याच्या हाती एक वेळ सापडते. पिलांना उडता येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये बागेत उथळ नांगरट केली वा तण कापून टाकले, तर ती फेसासकट मरतात. सालेंतोत या दिवसांतील मशागत सक्तीची करण्यात आली. काम साधे आहे, पण ते सर्वांनी करावे लागते. मालक शहरात राहतो, बाग पडीक आहे, बांधावरचे व रस्त्याकडेचे गवत कोणाच्याच मालकीचे नाही, अशा ठिकाणी कीटक सुखाने वाढला. एक उभी मशागत महिनाभर उशिरा केली, तर पंख फुटलेले किडे केवळ हुसकले जाऊन झाडांवर लवकर पोचतात.

कुऱ्हाडीचा वाद

रोगट झाडे तोडून जाळावीत, म्हणजे निरोगी झाडे वाचतील, असे शास्त्रज्ञांचे मत पडले. युरोपीय संघाने २०१५ साली आज्ञा काढली की, काही पट्ट्यांत रोगट झाडाच्या भोवती १०० मीटरपर्यंतची रोग घेऊ शकणारी सर्व झाडे, मग ती निरोगी दिसत असली तरी, काढावीत. ही गोष्ट लोकांच्या गळी उतरणे कठीण होते. पुलिया प्रांतात सुमारे ६ कोटी ऑलिव्हची झाडे. त्यांतील प्राचीन झाडांस २००७ सालच्या प्रांतिक कायद्याने संरक्षण दिलेले. आजोबा-पणजोबांनी राखलेले हिरवे झाड सरकारी माणसाने येऊन तोडावे, हे कोणत्या शेतकऱ्यास रुचेल? लोक रस्त्यावर उतरले, झाडांवर चढून बसले. रोगच खोटा आहे, जमिनी बळकावण्याचा हा डाव आहे, असेही बोलले गेले. डिसेंबर २०१५ मध्ये लेच्चे येथील सरकारी वकिलांनी झाडे तोडण्यास मनाई केली आणि ज्यांनी रोग ओळखला त्या शास्त्रज्ञांवरच संशयित म्हणून चौकशी लावली.

जंतूमुळेच झाड वाळते याचा पुरावा त्यानंतर अधिक पक्का झाला. कुंडीतील निरोगी ऑलिव्ह रोपांत शुद्ध जंतू टोचून तीच लक्षणे उत्पन्न झाल्याचे प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाले. तत्पूर्वी २०१६ साली युरोपीय न्यायालयाने झाडे काढण्याची आज्ञा वैध ठरविली होती. शास्त्रज्ञांवरील चौकशी २०१९ साली खटला न भरताच बंद झाली, आणि त्याच वर्षी रोग आवरण्यात कसूर केल्याबद्दल त्याच न्यायालयाने इटलीस दोषी ठरविले. पुढे २०२० साली १०० मीटरचे अंतर ५० मीटरवर आणले गेले. परंतु वाद चालू असता कीटक थांबला नव्हता. तो दरवर्षी उत्तरेकडे सरकत लेच्चे ओलांडून ब्रिंदिसी व तारांतोच्या हद्दीत शिरला. आजवर २ कोटींहून अधिक झाडे रोगाच्या तावडीत सापडल्याचा अंदाज आहे.

शास्त्र खरे होते, हे आता सिद्ध झाले. तथापि लोकांस अडाणी म्हणून मोकळे होता येत नाही. झाड तोडा असे सांगणारा माणूस त्यांच्या दारी प्रथमच आला तो हुकूम घेऊन. पाने करपण्यास आरंभ झाला तेव्हाच बागेत जाऊन फेस दाखविणारा, नलिका तुंबतात म्हणजे काय ते फांदी कापून समजावणारा कोणी गावोगाव हिंडला असता, तर कदाचित कुऱ्हाडीचे प्रसंग कमी आले असते. ग्रामसेवकांच्या कामाचे मोल अशा वेळी कळते.

वाळलेल्या बागेतील हिरवी झाडे

ओल्यारोला व चेल्लीना या दोन्ही जाती या रोगास अतिशय लवकर बळी पडतात, आणि सालेंतोत त्यांचीच लागवड सर्वदूर होती. एकच जंतू एवढा प्रदेश उजाड करू शकला याचे हे मोठे कारण होय. परंतु वाळलेल्या बागांच्या मध्येच एखादी ओळ हिरवी उभी असल्याचे शेतकऱ्यांच्या नजरेस आले. ही झाडे लेच्चीनो या, मूळच्या तोस्काना प्रांतातील, जातीची होती. शास्त्रज्ञांनी तपासले तेव्हा लेच्चीनोतही जंतू सापडला. पण त्याची संख्या ओल्यारोलाच्या मानाने कितीतरी कमी होती, आणि झाड फळत होते. पेरुज्जा येथील संशोधकांनी पूर्वी निवडलेली ‘एफ. एस. १७’ ऊर्फ फावोलोझा ही जातही अशीच टिकाऊ आढळली. २०१७ च्या अखेरीस रोगग्रस्त पट्ट्यात पुन्हा ऑलिव्ह लावण्यावरील बंदी उठली व या दोन जातींची लागवड सुरू झाली. फावोलोझा दाट लावता येते, लवकर फळास येते आणि यंत्राने तोडता येते, म्हणून मजूर मिळत नसलेल्या शेतकऱ्यास ती परवडते. काहींनी ओल्यारोलाच्या जुन्या बुंध्यांवर लेच्चीनोची कलमे बांधली आहेत. झाड वाचावे यापेक्षा आजोबांचा बुंधा उभा राहावा, ही इच्छा त्यामागे अधिक दिसते, आणि ती समजण्यासारखी आहे.

लेच्चीनोचे तेल सौम्य असते. फावोलोझाचे अधिक सुवासिक व कडसर. दोन्ही चांगली तेले आहेत, पण ती ओल्यारोलाची नव्हेत. ‘तेर्रा दोत्रांतो’ या नावाखाली तेल विकण्याची परवानगी मिळाली तेव्हा त्यात ओल्यारोला व चेल्लीना या जातींचा वाटा निम्म्याहून अधिक असावा, अशी अट होती. जेथे त्या जातीच मेल्या तेथे त्या नावाचे तेल कोठून आणावयाचे? अनेक घाण्यांना फळे पुरली नाहीत, ते बंद पडले, आणि त्यांची यंत्रसामग्री इतरत्र विकली गेली.

केवळ दोन नव्या जातींवर सारा भरवसा ठेवणे म्हणजे जुन्याच वाटेने जाणे होय, हे तेथील संशोधकांनी ओळखले आहे. म्हणून निरनिराळ्या देशांतील अनेक जातींची रोपे रोगट बागांत मुद्दाम लावून कोणती तगते हे पाहिले जात आहे. दुसरे काम याहून चिकाटीचे आहे. मेलेल्या बागांच्या बांधांवर, दगडी गडग्यांच्या फटींत, पक्ष्यांनी टाकलेल्या बियांपासून ऑलिव्हची रोपे आपोआप उगवतात. वर्षानुवर्षे रोगाच्या तोंडी राहूनही जी निरोगी दिसतात, त्यांवर खुणा करून, पाने तपासून व त्यांचे जनक शोधून ती निवडली जातात. अशा काही रोपांचा एक जनक लेच्चीनो असल्याचे आढळले आहे. निवडलेल्या रोपांच्या डहाळ्या कलमासाठी घेतल्या जातात, कलमांना जंतू टोचून पाहिले जाते, आणि जी टिकतील त्यांस फळ येऊन तेल काढेपर्यंत आणखी काही वर्षे थांबावे लागते.